चाकण की शेंद्रा-बिडकीन? ऑटो व्हेंडरने कारखान्यासाठी जागा कुठे घ्यावी

समजा भोसरीत भाड्याचा गाळा आहे. आत दहा-बारा सीएनसी-व्हीएमसी (संगणकावर चालणारी कटिंग मशिनं), दोन पॉवर प्रेस आणि चाळीसेक माणसं आहेत. जागा पुरेनाशी झालीय आणि एकरभर स्वतःचा प्लॉट घ्यायचं ठरलंय. अशा वेळी बोलण्यात हमखास दोन नावं येतात. एक चाकण. दुसरं संभाजीनगरजवळचं ऑरिक हे औद्योगिक शहर, म्हणजे जालना रोडवरचं शेंद्रा आणि पैठण रोडवरचं बिडकीन.

बहुतेक जण पहिला फोन करून जमिनीचा दर विचारतात आणि तिथेच अर्धा निर्णय होतो. मला ही पद्धत धोक्याची वाटते. दर एकदाच मोजायचा असतो, गाडीभाडं मात्र रोज द्यावं लागतं.

गाडीचा हिशेब

चाकण ते संभाजीनगर जाऊन-येऊन साधारण 450 ते 470 किलोमीटर धरा. मध्यम टेम्पो लिटरला 6 किलोमीटर देतो असं मानलं, तर एका फेरीला 78 लिटर डिझेल लागेल. 90 रुपयांच्या दराने ते सात हजार रुपये झाले. वर्षाला 300 फेऱ्या असतील तर नुसत्या डिझेलचे 21 लाख. टोल, ड्रायव्हर आणि गाडीचा हप्ता वेगळाच.

आता उलट बाजूने बघा. शेंद्र्याला जमिनीत तुमचे दोन कोटी वाचले, तर 10 टक्क्यांनी त्यांचं वर्षाचं व्याज 20 लाख होतं. म्हणजे रोजची एकच गाडी जमिनीतली सगळी बचत खाऊन टाकते. आठवड्याला दोनच गाड्या जात असतील तर हाच खर्च सव्वासात लाखांवर येतो आणि पारडं शेंद्र्याकडे झुकतं. आकडे तुमचे घाला, पण जमीन बघायला जाण्याआधी हा कागद तयार ठेवा.

तुमचा ग्राहक महिंद्रा, फोक्सवॅगन किंवा बजाजच्या चाकण प्लांटला रोज ठरल्या वेळी माल मागत असेल, तर माझ्या मते प्रश्न मिटला. लाइन थांबली की दंड व्हेंडरला बसतो. अशा माणसाने चाकण सोडू नये, मग स्वतःचा प्लॉट न परवडून शेड भाड्याने घ्यावी लागली तरी चालेल. ग्राहक संभाजीनगरजवळच्या वाळूजला असेल तर निर्णय तितक्याच सहज दुसऱ्या बाजूला जातो. बजाजचा तिथला कारखाना 1985 पासून आहे आणि त्याच्याभोवती व्हेंडरांची एक पिढी उभी राहिली आहे. खरी अडचण निर्यात करणाऱ्यांची आणि चार गावांत ग्राहक असणाऱ्यांची. पुढचं सगळं त्यांच्यासाठी.

चाकणमध्ये काय मिळतं

शेजार मिळतो. हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग, ग्राइंडिंग, टूल रूम, कॅलिब्रेशन, मशिन बंद पडलं तर दुपारपर्यंत येणारा सर्व्हिस इंजिनिअर, हे सगळं चाकण-भोसरी पट्ट्यात आहे. छोट्या कारखान्याला हे किती लागतं ते दूर गेल्यावरच कळतं.

त्याची किंमत रस्त्यावर मोजावी लागते. पुणे-नाशिक महामार्ग आणि तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्ता जिथे भेटतात त्या तळेगाव चौकात, किंवा आंबेठाण चौकात, शिफ्ट सुटायच्या वेळी उभं राहून बघा. नकाशावरचे दहा किलोमीटर तिथे काही कामाचे नाहीत. म्हणून चाकणमधला प्लॉट निवडताना गावाचं नाव महत्त्वाचं: ग्राहक महाळुंगे-खालुंब्रेच्या बाजूला असेल आणि तुम्ही चौक ओलांडून पलीकडे बसलात, तर जवळ असण्याचा निम्मा फायदा गेला.

एमआयडीसीचा मोकळा प्लॉट तिथे सहज मिळत नाही. मिळतो तो बहुधा दुसऱ्याच्या नावावरचा, हस्तांतराने. त्यात एमआयडीसीला भरायचा डिफरेन्शियल प्रीमियम, म्हणजे हस्तांतराचं शुल्क, कोण देणार, हे टोकन देण्याआधी लिहून घ्या. खाजगी जमीन घेणार असाल तर सातबारा आणि फेरफार वकिलाकडून तपासाच, शिवाय सध्या लागू असलेल्या आराखड्यात तो गट कोणत्या झोनमध्ये आहे ते बघा, आणि चाळीस फुटी ट्रेलर वळेल असा रस्ता कागदावर आहे का तेही. शेताच्या बांधावरून गेलेली 'सगळ्यांची वाट' बँक मान्य करत नाही.

शेंद्रा-बिडकीनमध्ये काय मिळतं

मोकळीक मिळते. शेंद्रा सुमारे 2,000 एकर, बिडकीन सुमारे 8,000. दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरमध्ये आखलेलं हे शहर असल्यामुळे रस्ते रुंद आहेत आणि पाणी, वीज, सांडपाण्याच्या वाहिन्या जमिनीखालून प्लॉटपर्यंत आणलेल्या आहेत. बांधकाम परवानगी आणि वीजपुरवठा टाउनशिपच्याच कंपनीकडे असल्याने कमी दारं ठोठवावी लागतात. समृद्धी महामार्ग शेंद्र्याजवळून जातो, आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाल्यापासून भिवंडीपर्यंत सलग जाता येतं. न्हावा-शेवा बंदराला माल पाठवणाऱ्यासाठी हा मोठाच फरक आहे.

माणसांच्या बाबतीत तर मी शेंद्र्याला स्पष्ट झुकतं माप देतो. बीड, जालना, परभणीची आयटीआय झालेली मुलं चाकणला एका खोलीत पाच-सहा जण राहून काम करतात आणि हजार-पाचशे जास्त मिळाले की गेट बदलतात. त्यांना दोष देता येत नाही, भाडं आणि मेस भागवून घरी पैसे पाठवायचे असतात. तोच मुलगा घरापासून तासाभरावर काम मिळालं तर टिकतो. टूल-डायचं काम जाणणारे हात हवे असतील तर संभाजीनगरचं इंडो-जर्मन टूल रूम वर्षानुवर्षं ते घडवतंय. उणीव आहे ती शेजाराची: प्लेटिंग किंवा हीट ट्रीटमेंटसाठी वाळूजला जावं लागतं, शेंद्र्याहून तर शहर ओलांडून.

पाणी आणि माती

शेंद्रा-बिडकीनला पाणी जायकवाडीचं. धरण मोठं आहे, पण ते भरणं नाशिक-नगरकडच्या पावसावर आणि वरच्या धरणांवर अवलंबून असतं. 15 ऑक्टोबरला साठा 65 टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडायचं, हे सूत्र वरच्या आणि खालच्या भागातल्या पाण्याच्या भांडणातूनच आलं. 2016 च्या उन्हाळ्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या मद्य कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करायला लावली होती आणि इतर उद्योगांच्या पाण्यातही 20 ते 25 टक्के कपात झाली. मशिनिंग आणि प्रेस शॉपला कूलंट आणि पिण्यापुरतं पाणी लागतं, त्यांनी यामुळे मागे हटू नये. प्लेटिंग किंवा पेंट शॉप पुढे टाकायचा बेत असेल, तर दुष्काळी वर्षात किती पाणी मिळेल हे लेखी विचारा. प्लेटिंग प्रदूषण मंडळाच्या 'लाल', म्हणजे सर्वाधिक प्रदूषणाच्या, श्रेणीत येतं, त्यामुळे संमती कोणत्या झोनमध्ये मिळते तेही प्लॉट निवडण्याआधी.

मातीकडे लोक फार उशिरा बघतात. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पॉवर प्रेस आणि व्हीएमसीचं लेव्हल तिच्यावर टिकत नाही, ती काढून मुरूम भरावा लागतो. गोदावरीच्या खोऱ्यात ही शक्यता धरूनच चाला. दोन-तीन ठिकाणी ट्रायल पिट, म्हणजे चाचणीचे खड्डे, घेऊन कठीण थर किती खाली आहे ते बघा आणि भरावाचा खर्च जमिनीच्या दरात मिळवा. कधीकधी स्वस्त प्लॉट इथेच महाग होतो.

सरकारी प्रोत्साहन योजनेत तालुक्यांचे गट आहेत आणि मागास तालुक्याला जास्त लाभ मिळतो. तो जरूर मिळवा, पण बँकेच्या हप्त्याच्या हिशेबात धरू नका. परतावा हातात यायला वेळ लागतो.

दोन्हींच्या मधलं सुपे, पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरचं, ज्यांचे ग्राहक रांजणगावला आहेत त्यांनी जरूर बघावं. इतरांना त्यात चाकणचा शेजारही मिळत नाही आणि ऑरिकची आखणीही नाही.

निर्यात निम्म्याहून जास्त असेल तर मी बिडकीनला प्लॉट घेईन आणि चाकणला तयार माल ठेवायला छोटा गाळा भाड्याने ठेवीन. फक्त एक सांभाळा: असा प्लॉट नुसता घेऊन ठेवता येत नाही. करारातल्या मुदतीत बांधकाम करून पूर्णत्वाचा दाखला, ज्याला सगळे बीसीसी म्हणतात, घ्यावा लागतो, नाहीतर मुदतवाढीचे पैसे भरावे लागतात. ऑर्डर हातात नसेल तर आणखी एक वर्ष भोसरीच्या गाळ्याचं वाढीव भाडं भरणं स्वस्त पडेल.