५एआर४, ५यू४जीबी की ५वाय३जीटी : ट्यूब ॲम्पच्या रेक्टिफायरची पारख

ट्यूब ॲम्पमध्ये एसीचं डीसी करणारी रेक्टिफायर ट्यूब निवडायची तर आधी पॉवर ट्रान्सफॉर्मर बघावा. त्याचं ५ व्होल्टचं वाइंडिंग किती अँपिअर देतं, हाय व्होल्टेज वाइंडिंगचा रोध किती आहे आणि रेक्टिफायरनंतरचा पहिला कॅपॅसिटर किती मायक्रोफॅरडचा आहे, एवढं कळलं की निम्मे पर्याय आपोआप गळतात. आवाजाचा विचार त्यानंतर. रेक्टिफायर बदलल्यावर आवाजात जो फरक ऐकू येतो तो बहुतांशी बी प्लस, म्हणजे ट्यूबना मिळणारं मुख्य डीसी व्होल्टेज, वरखाली झाल्यामुळे आणि मोठ्या सुरांना ते किती खचतं यामुळे असतो. काचेवर कोणाचं नाव छापलंय, याचा वाटा त्यात फार थोडा.

ऑक्टल (आठ पिनांच्या) सॉकेटच्या ट्यूबमध्ये सर्वांत उपयोगी ५एआर४, म्हणजेच जीझेड३४. हीटर ५ व्होल्ट, १.९ अँपिअर. कमाल २५० मिलिअँपिअर डीसी देते आणि २२५ मिलिअँपिअरला तिच्यात जेमतेम १७ व्होल्ट पडतात. कॅथोड अप्रत्यक्ष, म्हणजे वेगळ्या हीटरच्या उष्णतेने तापतो, त्यामुळे बी प्लस सावकाश चढतं. तोवर पॉवर ट्यूबही तापत आलेल्या असतात आणि कॅपॅसिटरवर कोरडं, भाररहित व्होल्टेज फार वेळ राहत नाही. नव्या हायफाय ॲम्पसाठी आमची पहिली पसंती हीच.

५यू४जीबीचं फिलामेंट (प्रत्यक्ष तापणारी तार, तीच कॅथोड) ३ अँपिअर खातं. ५एआर४साठी बांधलेल्या ॲम्पमध्ये ती सॉकेटात नीट बसते, पण ५ व्होल्टचं वाइंडिंग २ अँपिअरचंच असेल तर ट्रान्सफॉर्मर भाजतो. हे एका दिवसात कळत नाही, म्हणून जास्त धोक्याचं. वाइंडिंग ३ अँपिअरचं असेल तर ट्यूब दणकट आहे. पूर्ण भाराला सुमारे ५० व्होल्ट पडतात आणि क्लास एबी ॲम्पमध्ये (जिथे आवाजासोबत प्रवाह वाढतो) जोरकस स्वरांना व्होल्टेज खचतं. गिटार वाजवणाऱ्यांना हे दबणं हवंहवंसं वाटतं. क्लास ए सिंगल एंडेड ॲम्पमध्ये प्रवाह जवळपास स्थिर असतो, तिथे या दबण्याचा अनुभव शोधू नये.

५वाय३जीटी लहान ॲम्पसाठी : २ अँपिअर फिलामेंट, कमाल १२५ मिलिअँपिअर आणि पहिला कॅपॅसिटर २० मायक्रोफॅरडपर्यंतच. इथे एक फसगत होते. ५वाय३ची छाप असलेल्या काही रशियन ट्यूब आतून अप्रत्यक्ष तापणाऱ्या, ५झेड४च्या जवळच्या असतात. त्यांच्यात व्होल्टेज कमी पडतं, म्हणून बी प्लस अपेक्षेपेक्षा वर जातं. ट्यूब वाईट नसते, पण ॲम्पचा हिशेब मात्र बदलतो.

याच कारणाने ५वाय३च्या जागी सरळ ५एआर४ खोचू नये. बी प्लस सहज ३० ते ५० व्होल्टनी वाढतं. समजा ६व्ही६जीटी या पॉवर ट्यूबवर प्लेट ते कॅथोड ३२० व्होल्ट आणि ३७ मिलिअँपिअर आहे, म्हणजे ११.८ वॉट. व्होल्टेज ३६० झालं आणि कॅथोड बायसमुळे (बायस म्हणजे ट्यूबचा स्थिर प्रवाह ठरवणारं व्होल्टेज) प्रवाह ४१-४२ मिलिअँपिअरवर गेला की आकडा १५ वॉटला पोचतो. १२ वॉटच्या ट्यूबला हे झेपणारं नाही. फिक्स्ड बायस असेल तर बायस पुन्हा लावल्याशिवाय ॲम्प वापरायचा नाही. ४५० व्होल्टचे कॅपॅसिटरही तपासावेत. ३५०-०-३५० वाइंडिंगचं, म्हणजे मध्याच्या दोन्ही बाजूंना ३५० व्होल्ट देणाऱ्याचं, शिखर व्होल्टेज ४९५ असतं. प्रत्यक्ष तापणारा रेक्टिफायर काही सेकंदांतच चालू होतो आणि पॉवर ट्यूब तापेपर्यंत कॅपॅसिटरला जवळपास तेवढं सगळं सोसावं लागतं. तिथे ३५० व्होल्टचे दोन कॅपॅसिटर सिरीजमध्ये, प्रत्येकावर २२० किलोओहमचा समतोल रोध लावून, हा भरवशाचा मार्ग.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे प्लेटच्या वाटेतला किमान रोध. ५एआर४च्या डेटाशीटमध्ये पहिला कॅपॅसिटर कमाल ६० मायक्रोफॅरड आणि ३५०-०-३५०ला प्रत्येक प्लेटमागे किमान १०० ओहम सांगितले आहेत. हा रोध असा काढावा : सेकंडरीच्या (हाय व्होल्टेज वाइंडिंगच्या) अर्ध्या भागाचा रोध, अधिक प्रायमरीचा (मेन्सकडच्या वाइंडिंगचा) रोध गुणिले टर्न्स रेशोचा वर्ग. सेकंडरीचा अर्धा भाग ६० ओहम, प्रायमरी २३० व्होल्टची आणि ६ ओहमची असेल तर रेशो (३५० भागिले २३०) १.५२, वर्ग २.३१, म्हणून ६० अधिक १४, एकूण ७४. उरलेल्या २६ ओहमसाठी दोन्ही प्लेटच्या तारांत ३३ ओहम, ५ वॉटचा वायरवाउंड रोध घालावा. दोन्ही अर्धे भाग वेगवेगळे मोजावेत, कारण त्यांचा रोध क्वचितच सारखा असतो. टोरॉइडल ट्रान्सफॉर्मरचा रोध बहुधा कमी भरतो, तिथे तर हे रोध हवेतच. ते नसले की चालू करताना प्लेट आणि कॅथोडमध्ये ठिणगी उडते आणि दोष ट्यूबच्या कंपनीवर जातो. हम (मेन्सची गुणगुण) कमी करायची असेल तर पहिला कॅपॅसिटर न वाढवता चोकनंतरचा (फिल्टरच्या कॉइलनंतरचा) वाढवावा, त्याचा भार रेक्टिफायरवर तसा पडत नाही.

५आर४जीवाय मुळात चोक इनपुटसाठी, म्हणजे रेक्टिफायरनंतर आधी चोक येतो तिथे, शोभते. तिच्यासमोर ४ मायक्रोफॅरडहून मोठा कॅपॅसिटर ठेवू नये.

नऊ पिनांच्या ट्यूबमध्ये ईझेड८१ उत्तम : ६.३ व्होल्ट, १ अँपिअर, १५० मिलिअँपिअर डीसी. हीटर आणि कॅथोडमध्ये ती ५०० व्होल्ट सहन करते, म्हणून बाकी ट्यूबच्या हीटर वाइंडिंगवरच चालवता येते. ईझेड८०च्या पिना अगदी तशाच, पण तिची मर्यादा ९० मिलिअँपिअर. ईझेड८१च्या ॲम्पमध्ये ती घातली तर लवकर संपते. उलट बदल करताना हीटर वाइंडिंगला ०.४ अँपिअर जादा झेपतील का ते बघावं.

वायरिंग करताना बी प्लस नेहमी ८ नंबरच्या पिनेवरून घ्यावं. ५एआर४चा कॅथोड आत तिथेच जोडलेला असतो. २ नंबरवरून घेतलं तर सगळा प्रवाह हीटरमधून जातो. प्रत्येक प्लेटच्या वाटेत एक १एन४००७ डायोड घालणं आम्हाला आवश्यक वाटतं. ट्यूब आतून शॉर्ट झाली तरी कॅपॅसिटरवर एसी जात नाही आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. ३५०-०-३५०ला उलट व्होल्टेज ९९०च्या आसपास जातं, तेव्हा तिथे दोन डायोड सिरीजमध्ये. सेंटर टॅपला (वाइंडिंगच्या मधल्या तारेला) स्लो ब्लो फ्यूज हवाच. स्टँडबाय स्विच (हीटर चालू ठेवून बी प्लस तोडणारा) गरम रेक्टिफायर आणि पहिल्या कॅपॅसिटरच्या मध्ये असेल तर तो काढून टाकावा. रिकामा कॅपॅसिटर अचानक जोडला गेला की ट्यूबचं आयुष्य प्रत्येक वेळी थोडं झिजतं.

रेक्टिफायर ट्यूबऐवजी सॉकेटात बसणाऱ्या सिलिकॉन डायोडच्या प्लगची शिफारस आम्ही करत नाही. व्होल्टेज वाढतंच, शिवाय पॉवर ट्यूब थंड असतानाच ते पूर्ण चढतं.

जुनी ट्यूब घेताना मल्टिमीटर सोबत न्यावा. ५एआर४च्या २ आणि ८ पिनांत थंड असताना एखाद ओहम, ४ आणि ६ (दोन्ही प्लेट) मध्ये काहीच जोड नाही, ८ पासून ४ किंवा ६ पर्यंतही काहीच जोड नाही, असं दिसलं पाहिजे. हलक्या हाताने हलवून आत कण खडखडतात का ऐकावं. मलार्ड या ब्रिटिश कंपनीची म्हणून जास्त पैसे मागितले तर काचेच्या तळाशी कोरलेला कोड बघावा; ब्लॅकबर्न कारखान्याच्या कोडमध्ये बी हे अक्षर असतं. रंगाने छापलेलं नाव कोणीही नव्याने उमटवू शकतं.

ॲम्प फ्यूज उडवत असेल तर रेक्टिफायर काढून चालू करून बघावं. तरीही उडाला तर दोष ट्रान्सफॉर्मरकडे किंवा हीटरच्या वायरिंगमध्ये. रेक्टिफायर असतानाच, काही सेकंदांनी उडत असेल तर ट्यूब किंवा तिच्या पुढचा कॅपॅसिटर तपासावा. ५० हर्ट्झच्या मेन्सवर १०० हर्ट्झची हम अचानक ५०ची, जाड झाली तर ट्यूबचा एक अर्धा भाग गेला असं समजावं. हात घालण्याआधी प्लग काढून कॅपॅसिटर १० किलोओहम, ५ वॉटच्या रोधातून रिकामे करावेत आणि शून्य झाल्याचं मीटरवर बघूनच पुढे जावं.