सिरियल कार्ड ‘जळाल्याचे’ सांगून झालेली फसवणूक

मस्जिद बंदरला आमचे क्लिअरिंग एजंटचे लहानसे कार्यालय आहे. कोणत्या एक्स्टेन्शनवरून कोणाला किती वेळ फोन झाला, हे पाहून ग्राहकांना खर्च लावता यावा म्हणून ईपीएबीएक्समधील (कार्यालयाच्या अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंजमधील) सिरियल कार्ड, म्हणजे फोनच्या नोंदी बाहेर पाठवणारे सर्किट कार्ड, संगणकाला जोडलेले आहे. प्रत्येक फोन संपला की ते कार्ड त्या फोनची एक ओळ पाठवते.

संगणक बदलला आणि नोंदींच्या जागी चौकोन, प्रश्नचिन्हे व अर्थहीन अक्षरे उमटू लागली. देखभालीसाठी आलेल्या तंत्रज्ञाने “कार्ड जळलंय साहेब,” असे सांगून ते काढून नेले आणि दोन दिवसांनी ‘नवे’ कार्ड बसवून १४,००० रुपये रोख घेतले. बिल आजतागायत मिळालेले नाही. नोंदी मात्र नीट येऊ लागल्याने मी समाधानी होतो.

चार महिन्यांनी साफसफाईच्या वेळी कार्डावरच्या चकचकीत स्टिकरचा कोपरा सुटलेला दिसला. तो सोलला, तर खाली निळ्या मार्करने माझ्याच हस्ताक्षरात लिहिलेली, कार्ड पहिल्यांदा बसवल्याची तारीख होती.

ते घेऊन मी लॅमिंग्टन रोडवरच्या एका जुन्या दुरुस्तीवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी समजावले ते असे, की आरएस-२३२ जोडणीत (कार्ड आणि संगणक यांच्यातील जोडणीचा हा प्रकार) गती ठरवून देणारी वेगळी तार नसते, त्यामुळे दोन्ही बाजूंचा बॉड रेट, म्हणजे दर सेकंदाला किती बिट जातात तो वेग, आधीच सारखा ठेवावा लागतो. आमचे एक्स्चेंज १२०० ने पाठवत होते आणि नव्या संगणकातले सॉफ्टवेअर ९६०० ने वाचत होते, म्हणजे एकेक बिट आठ-आठदा वाचला जात होता. तंत्रज्ञाने फक्त तो आकडा बदलला होता. चुकीची का होईना, अक्षरे येत आहेत याचाच अर्थ कार्ड पाठवत आहे. पडदा अगदी कोरा राहिला तरी आधी केबल तपासावी, कारण २ आणि ३ क्रमांकाच्या पिनांच्या तारा जिथे उलटसुलट जोडायला हव्यात तिथे सरळ जोडल्या, तरीही काहीच उमटत नाही. हे सारे तपासायला काकांना दहा मिनिटेही लागली नाहीत, याचे मला फार वाईट वाटले.

तो तंत्रज्ञ आता फोन उचलत नाही. बॉड रेट १२००, डेटा बिट ८, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १, ही या जोडणीची सेटिंग्ज मी ईपीएबीएक्सच्या झाकणाच्या आत लिहून चिकटवली आहेत आणि प्रत्येक कार्डाचा अनुक्रमांक वहीत उतरवून घेतला आहे.