इनिट स्क्रिप्ट की सिस्टमडी युनिट? सर्व्हिस लिहिण्यापूर्वी

डेबियन लिनक्सने २०१५ मध्ये आठव्या आवृत्तीपासून सिस्टमडी डीफॉल्ट केलं. मशीन सुरू होताना सर्व्हिस, म्हणजे मागे सतत चालणारे प्रोग्रॅम, उठवणं आणि सांभाळणं हे त्याचं काम; प्रत्येक सर्व्हिसची माहिती त्याला 'युनिट' नावाच्या छोट्या फाइलमधून मिळते. पण आधी हेच काम करणाऱ्या जुन्या इनिट स्क्रिप्टही त्याने चालवून घेतल्या. त्यामुळे 'चालतंय ना, मग कशाला हात लावा' म्हणत मी एका छोट्या ऑफिसातली बिलिंगची स्क्रिप्ट बरीच वर्षं तशीच ठेवली. ती मीच लिहिली होती, हेही एक कारण.

स्क्रिप्टची बाजू आधी. शेल, म्हणजे लिनक्सची कमांडची भाषा, येणाऱ्या कुणालाही ती वाचता येते. अडली तर 'एसएच -एक्स' लावून ओळ न ओळ बघता येते. हाताने चालते आणि बूटला पडते, ही नेहमीची तक्रार बहुतेक वेळा पाथची, म्हणजे कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायच्या त्या यादीची, असते. 'एन्व्ह -आय' लावून रिकाम्या एन्व्हायर्नमेंटमध्ये चालवली की लगेच कळतं. सुरू होण्याआधी पाच गोष्टी तपासायच्या असतील तर स्क्रिप्टइतकी मोकळीक युनिटमध्ये नाही, हे मान्य.

माझं मन फिरलं ते पीआयडी फाइलमुळे, म्हणजे चालू प्रोसेसचा नंबर लिहून ठेवलेल्या फाइलमुळे. रात्री लाइट गेली, यूपीएसनेही दम टाकला, मशीन धाडकन बंद. सकाळी फोन आला, बिलं निघत नाहीत. बघतो तर स्टेटस हिरवं: ॲक्टिव्ह, आणि कंसात एक्झिटेड. त्या कंसाकडे मी नेहमीप्रमाणे काणाडोळा केला आणि तासभर नेटवर्क तपासत बसलो. मी पीआयडी फाइल प्रोग्रॅमच्याच फोल्डरात ठेवली होती, त्यामुळे ती रीबूटनंतरही शाबूत. बूट होताना प्रोसेस साधारण त्याच क्रमाने उठतात, म्हणून तोच नंबर दुसऱ्याच कुठल्यातरी प्रोसेसला मिळालेला. स्क्रिप्टने 'किल -०' करून पाहिलं, नंबर जिवंत दिसला, 'आधीच चालू आहे' म्हणाली आणि शून्य, म्हणजे 'सगळं ठीक', परत करून मोकळी झाली. त्या घाईत मी 'स्टॉप' दिलं असतं तर भलत्याचाच जीव गेला असता.

युनिटमध्ये ही कटकटच उरत नाही. प्रोग्रॅम फोरग्राउंडला चालवायचा, टाइप सिंपल ठेवायचा. सिस्टमडी सीग्रुपमधून (कर्नलने बांधलेला प्रोसेसचा गट) त्याच्या पोराबाळांसकट सगळ्यांवर लक्ष ठेवतं. टाइप फोर्किंग (प्रोग्रॅम स्वतःच बॅकग्राउंडला जातो तो प्रकार) केलात तर मात्र पीआयडी फाइल मागच्या दाराने परत येऊ शकते.

युनिटच्याही खोड्या आहेतच. एक्झेकस्टार्टची, म्हणजे प्रोग्रॅम सुरू करणारी, ओळ शेलमधून जात नाही, त्यामुळे लॉगसाठी दिलेला रीडायरेक्ट ('>' चिन्ह आणि फाइलचं नाव) प्रोग्रॅमला आर्ग्युमेंट म्हणून मिळतो. 'आफ्टर' फक्त क्रम ठरवतं. डेटाबेस हवाच असेल तर 'रिक्वायर्स' वेगळं लिहावं लागतं. फाइल बदलून 'डीमन-रीलोड' (युनिट पुन्हा वाचायला लावणारी कमांड) विसरणं तर माझं आठवड्यातून एकदा होतं. डीफॉल्टला दहा सेकंदांत पाचदा सुरू करून झालं की सिस्टमडी नाद सोडतं. मग 'रीसेट-फेल्ड' करा. पण चूक शोधताना 'जर्नलसीटीएल -यू' मध्ये, म्हणजे त्या सर्व्हिसच्या लॉगमध्ये, एरर, वेळ, एक्झिट कोड सगळं एकत्र मिळतं. २०३ दिसला की प्रोग्रॅमचा पाथ, एक्झिक्यूट परमिशन किंवा पहिल्या ओळीतला इंटरप्रिटर बघायचा. लावण्याआधी 'सिस्टमडी-ॲनलाइझ व्हेरिफाय' चालवलं तर निम्म्या चुका तिथेच सापडतात, निदान माझ्या तरी.

तुमचं मशीन डेवुआन (सिस्टमडी काढून टाकलेलं डेबियन) असेल तर प्रश्न वेगळा. अल्पाइन लिनक्सवर सिस्टमडीऐवजी ओपनआरसी असतं, तिथेही हे युनिट चालणार नाही. बाकी ठिकाणी नवीन सर्व्हिस असेल तर मी तरी युनिटच लिहीन.

एका जुन्या मशीनवर माझी स्क्रिप्ट अजून आहे. फक्त पीआयडी फाइल आता 'रन' फोल्डरात असते, जो प्रत्येक बूटला रिकामा होतो. आणि किल करण्याआधी तो नंबर नक्की कुणाचा आहे, हे नावानिशी तपासलं जातं.