दुखत होता खुबा, बदलला गुडघा : आईच्या ऑपरेशनमध्ये आमची कशी फसवणूक झाली

ज्यांच्या घरात कुणाला "गुडघे बदलावे लागतील" असं सांगितलंय त्यांनी सही करायच्या आधी हे वाचावं म्हणून लिहितेय. लांबलंय, पण शेवटपर्यंत वाचा. माझ्या आईचे दोन्ही गुडघे एकाच वेळी बदलले. उजव्याला खरंच गरज होती आणि तो आज चांगला आहे. डाव्याला गरज नव्हती, दुखणं खुब्यातून येत होतं आणि ते आजही तसंच आहे. वर ज्या इम्प्लांटचे, म्हणजे बसवायच्या कृत्रिम सांध्याचे, जास्तीचे पैसे घेतले ते बसवलंच नाही. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे.

सुरुवात झाली एका फुकट तपासणी शिबिरातून. आईची टाच एका छोट्या मशीनमध्ये ठेवायला लावली, स्क्रीनवर लाल रंग आला आणि तिथल्या माणसाने लगेच सांगितलं की हाडं झिजलीत, वंगण संपलंय, गुडघ्याच्या डॉक्टरांना ताबडतोब दाखवा. ते टाचेचं मशीन हाडं किती ठिसूळ झालीत याचा फक्त ढोबळ अंदाज देतं, गुडघ्यातल्या गादीबद्दल त्यातून काहीच कळत नाही. हाडांचा ठिसूळपणा आणि सांध्याची झीज हे दोन वेगळे आजार आहेत, उपचारही वेगळे. पण घाबरलेल्या माणसाला हे कोण सांगणार, तिथे घाबरवायलाच बसवलेले असतात.

हॉस्पिटलमध्ये सर्जननी एक्सरे उजेडासमोर धरला, उजव्या गुडघ्यावर बोट ठेवून "हाडाला हाड घासतंय, ग्रेड ४" म्हणाले, आणि डाव्याचं विचारलं तर "तोही त्याच वाटेवर आहे". एवढंच. आईला टेबलावर झोपवून पाय हलवून बघितला नाही, दुखतं कुठे, कधी, चप्पल घालताना त्रास होतो का, काही विचारलं नाही. उरलेलं सगळं बोलणं केबिनमधल्या काउन्सेलर बाईंशी झालं, त्या डॉक्टर नव्हत्या. दोन्ही एकदम केले तर दुसऱ्यावर सूट, पण या आठवड्यात ठरवलं तरच. उशीर केला तर व्हीलचेअर. आईच्या डोळ्यात पाणी आलं हो हे ऐकून, आणि तिथेच त्यांचं काम झालं.

गुडघा बदलणं हे ठरवून, तयारीने करायचं ऑपरेशन आहे, अपेंडिक्स फुटल्यासारखी घाई त्यात नसते. पाय फारच वाकडा होत चालला असेल, हाड खचत असेल तर जास्त लांबवू नये हे खरं, पण आठवडाभरात सूट संपते म्हणून निर्णय घ्यायचा हा प्रकार वैद्यकीय नाहीच. आणि निर्णय एक्सरेवरून एकट्याने होत नाही. एक्सरे खूप खराब पण माणूस आरामात चालतोय असेही लोक असतात, त्यांना ऑपरेशनची गरज नसते. रात्री झोप मोडते का, घरातल्या घरात चालणं अवघड झालंय का, व्यायाम, वजन कमी करणं, गोळ्या हे सगळं मनापासून करून झालंय का, हे आधी बघायचं असतं. आमच्याकडे यातलं काही सुचवलंच नाही. डेन्मार्कमध्ये १०० पेशंटवर एक अभ्यास झाला होता, २०१५ साली छापून आला, सगळे गुडघा बदलण्याइतपत त्रास असलेले. निम्म्यांचं ऑपरेशन करून नंतर व्यायाम वगैरे दिला, निम्म्यांना नुसता व्यायाम, आहार, गोळ्या असा १२ आठवड्यांचा कार्यक्रम. ऑपरेशनवाल्यांना जास्त आराम पडला हे खरंच, पण गंभीर त्रासही त्यांच्यातच जास्त झाले, आणि बाकीच्यांपैकी वर्षभरात साधारण चौघांत एकालाच ऑपरेशन करून घ्यावं लागलं. म्हणजे थांबून बघायला जागा असते. वजन एक किलो कमी झालं तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोने कमी होतो, हेही आम्हाला कुणी सांगितलं नाही.

आता खुब्याचं, कारण माझ्या मते सगळ्यात मोठा अन्याय इथे झाला. खुब्याच्या सांध्याचं दुखणं पुष्कळदा गुडघ्यात जाणवतं, कारण दोन्हीकडे जाणाऱ्या काही नसा एकच आहेत. कमरेच्या मणक्यातली नस दबली तरी गुडघा दुखू शकतो. आईला डाव्या बाजूला जांघेत दुखायचं, पायाची नखं कापायला वाकता यायचं नाही, गाडीतून उतरताना पाय हाताने उचलून बाहेर ठेवायची. ही सगळी खुब्याची लक्षणं. ऑपरेशननंतर कित्येक महिने डावीकडचं दुखणं हलेना म्हणून आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी आईला झोपवलं, गुडघा दुमडून पाय आत-बाहेर फिरवला आणि आई कळवळली. खुब्याचा एक साधा एक्सरे काढला, झीज समोर दिसली. ही तपासणी करायला किती वेळ लागला असता? नंतर जुन्या फाइलमधला एक्सरेचा छापील रिपोर्ट वाचला, त्यात उजवा ग्रेड ४ आणि डावा ग्रेड २ असं स्वच्छ लिहिलेलं होतं. हे ग्रेड ० ते ४ असतात, २ म्हणजे सुरुवातीची झीज. हा कागद आम्हाला ऑपरेशनच्या आधी हातात दिलाच नव्हता, फक्त फिल्म दाखवली होती. म्हणून सांगते, एक्सरे उभं राहून काढलेला हवा आणि प्रत्येक पायाचा लेखी रिपोर्ट वेगळा मागा, तो घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे जा, आणि तो दुसरा डॉक्टर पहिल्याने सुचवलेला नसावा.

इम्प्लांटची गोष्ट तर उघड फसवणूक आहे. काउन्सेलर बाईंनी सांगितलं साधा सांधा दहा वर्षांत खराब होतो, सोनेरी कोटिंगवाला आयुष्यभर जातो, आणि त्याचे वेगळे पैसे लावले. ऑपरेशनला रोबोट वापरायचेही वेगळे. हे दोन्ही दावे धरून बघा. २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मोठा आढावा आला होता, त्यात पूर्ण गुडघा बदललेल्या १०० पैकी साधारण ८२ सांधे २५ वर्षांनंतरही टिकून होते, आणि हे नेहमीचे सांधे. सोनेरी थर असतो टायटॅनियम नायोबियम नायट्राइडसारख्या पदार्थाचा, ज्यांना निकेलसारख्या धातूची ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी त्याचा विचार करतात. आईला अशी ॲलर्जी नव्हती. आणि सांध्यात मुख्यतः झिजतं ते दोन धातूंच्या मधलं प्लास्टिक, त्याच्या दर्जाबद्दल बाई एक शब्द बोलल्या नाहीत. रोबोटने हाडाचा काप जास्त अचूक घेता येतो हे मान्य, पण त्यामुळे पेशंटचं दुखणं कमी राहतं किंवा सांधा जास्त वर्षं टिकतो हे अजून ठामपणे सिद्ध झालेलं नाही. आणि रोबोट असला तरी ऑपरेशन सर्जनच करतो, त्यामुळे त्याचा हात किती बसलेला आहे, वर्षाला किती गुडघे करतो, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा.

डिस्चार्जच्या कागदावर फक्त "टोटल नी रिप्लेसमेंट, दोन्ही बाजू" आणि बिलात सांध्यांच्या नावाला "इम्प्लांट २" एवढंच होतं. दुसऱ्या डॉक्टरांनी पहिलं विचारलं स्टिकर कुठेत. मला माहीतच नव्हतं की प्रत्येक सुट्या भागाच्या पाकिटात चिकटवायचे स्टिकर येतात, मांडीच्या हाडाचा भाग, नळीच्या हाडाचा भाग, मधलं प्लास्टिक, वाटीचा भाग बसवला असेल तर त्याचाही, आणि त्यावर कंपनी, मॉडेल, साइज, लॉट नंबर सगळं असतं. एक प्रत फाइलला लागते, एक पेशंटला द्यायची असते. पुढे कधी सांधा परत बदलायची वेळ आली किंवा कंपनीने एखादा लॉट परत मागवला तर हेच कामाला येतं. आम्ही तोंडी मागितले तर टोलवाटोलवी, मग लेखी अर्ज दिला, पोच घेतली, तेव्हा मिळाले. मॉडेल नंबर तपासले तर दोन्ही नेहमीचे कोबाल्ट क्रोम धातूचे, कोटिंगचा पत्ता नाही. ऑपरेशन नोटमध्ये रोबोटचा उल्लेखही नाही. आता त्यांचं म्हणणं की बिल बनवताना चूक झाली. मला ते पटत नाही, कारण बिलात प्रत्येक जास्तीची गोष्ट बरोबर आठवून धरली होती.

आणखी एक, दोन्ही गुडघे एकदम. तब्येत चांगली असेल तर करतात, पण त्यात रक्ताची गुठळी आणि हृदयाचे त्रास यांचा धोका वाढतो, म्हणून वय, हृदय, शुगर बघूनच ठरवायचं असतं. आईला शुगर आहे, तिचं तीन महिन्यांच्या सरासरीचं एचबीएवनसी आधी तपासलंच नव्हतं. बरेच सर्जन ते ८ च्या वर असेल तर थांबायला सांगतात कारण इन्फेक्शनचा धोका. तसंच दातात पू, लघवीचं इन्फेक्शन, पायावर जखम असेल तर आधी ते बरं करायचं, आणि गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर तीन महिने तरी जाऊ द्यायचे. यातलं काहीही विचारलं नाही. आईला इन्फेक्शन झालं नाही हे नशीब.

"वेदनारहित, त्याच दिवशी चालाल" हे पण ऐकलं होतं. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकरने चालवतात हे खरं, पण वेदनारहित नाही. सूज आणि गरमपणा काही महिने राहतो, चिरेच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा राहतो, टकटक आवाज येतो, गुडघे टेकून बसणं बहुतेकांना जमत नाही, आणि पूर्ण सुधारायला वर्ष लागू शकतं. साधारण पाचातला एक पेशंट नंतरही समाधानी नसतो. हे आधी सांगितलं तर माणूस तयारीने जातो. फिजिओ पॅकेजमध्ये होतं म्हणाले, पण घरी गेल्यावर कुणी आलं नाही, आम्ही स्वतः दुसरे फिजिओ शोधले, त्यांनीच सांगितलं की गुडघ्याखाली उशी ठेवून झोपू नका, पाय सरळ होणं राहून जातं. पोटरी सुजून दुखली, दम लागला, जखमेतून पाणी येत राहिलं किंवा ताप आला तर वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

आईचा उजवा पाय बघितला की वाटतं ऑपरेशन चांगलंच आहे, ज्यांना गरज आहे त्यांनी माझं वाचून घाबरून मागे हटू नका. आता तिच्या खुब्याचा विषय चालू आहे. या वेळी रिपोर्ट आधी हातात घेतलाय, दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी तपासलंय, सध्या व्यायाम आणि काठी यावर भर आहे आणि कुणी घाई करत नाहीये. तुमच्या घरी नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर आजच फाइल काढून स्टिकर आहेत का बघा, नसतील तर लेखी अर्ज करा आणि अर्जाच्या प्रतीवर तारखेसकट सही-शिक्का घ्या, आमच्या तक्रारीत सगळ्यात उपयोगी पडलेला कागद तोच आहे.