एक सेमिस्टर होस्टेलच्या मेसवर: जेवण चांगलं, खाड्याचा नियम अन्यायाचा

नाशिकला त्र्यंबक रोडवरच्या एका कॅम्पसमध्ये मुलींच्या होस्टेलला राहते. खोल्या, वायफाय, गेटच्या वेळा माहितीपत्रकात असतात, त्या इथे सांगत नाही. लिहायला बसले ते मेसच्या बिलामुळे. दिवाळीत मेसला कुलूप होतं, तरी त्या महिन्याचे पूर्ण ३,००० रुपये घेतले.

आधी जेवणाचं. सुरुवातीला मी घरी फोनवर रोज तक्रार करायचे. फ्लॉवर, बटाटा, मटकी, सगळ्यांना एकच लाल रस्सा, आणि पोळी इतकी चिवट की तुटता तुटत नाही. आमच्या बागलाणातल्या, म्हणजे सटाण्याकडच्या, काळ्या मसाल्याच्या जिभेला ते बेचवच लागणार. पण गणपतीनंतर माझं मत बदललं. रात्री साडेसातला मेस उघडते, तेव्हा गेलं की पोळी तव्यावरून थेट ताटात येते. नऊला जाणाऱ्यांना डब्यात वाफ धरलेली मिळते. पीठ तेच, मावशीही त्याच. वरण-भात तर पहिल्यापासून उत्तम. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीसाठी अख्खा रस्ता माणसांनी भरतो. त्या दिवशी दुधाची गाडी अडकली, तरी मावशींनी उपवासाच्या मुलींना साबुदाण्याची खिचडी वेळेवर दिली, वेगळे पैसे न घेता. त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

तक्रार खाड्याची आहे, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे वजा करण्याची. नियम असा होता: सलग चार दिवस नसाल आणि आधी वहीत नोंद केली असेल, तरच पैसे वजा. मी सटाण्याची. शनिवारी दुपारी लेक्चर संपलं की एसटी, रविवारी रात्री परत. म्हणजे शनिवारची रात्र आणि रविवारची दुपारची फीस्ट, म्हणजे खास जेवण, दोन्ही बुडतात. रविवारी रात्री तर मेस सगळ्यांनाच बंद. महिन्यातून दोनदा घरी गेलं तर चार ताटांचे २०० रुपये, दहा महिन्यांत २,०००. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालंय म्हणून घरी जाणं परवडतं, आणि तिथे वाचवलेलं इथे न जेवलेल्या ताटावर जातं. वडिलांनी कांदा विकून आणलेला पैसा आहे हा.

मेसवाल्या काकांचं म्हणणं मी ऐकून घेतलं. किराणा महिन्याचा भरावा लागतो, मावशींचा पगार कापता येत नाही, गॅसही तेवढाच जळतो. पगाराचं मला पूर्ण पटतं. तो वाटा ठेवा, पण पीठ, तेल, भाजी तर वाचतेच ना? निम्मे तरी परत द्या. आणि दिवाळीत चूलच पेटली नव्हती, तेव्हाच्या किराण्याचे पैसे कशाचे?

जानेवारीत आम्ही मुलींनी सह्या करून अर्ज दिला. आता सलग दोन दिवसांचा खाडा धरतात, निम्म्या दराने. ज्या मुली शुक्रवारी निघतात त्यांचा फायदा झाला, त्याचा मला आनंद आहे. माझा खाडा मात्र अजून बसत नाही, कारण शनिवारी सकाळी मी मेसमध्ये जेवलेली असते. खाडा दिवसाचा न धरता एकेका वेळच्या जेवणाचा धरायला हवा. गंगापूर रोड, कॉलेज रोडकडच्या खानावळींत कुपनावर जेवता येतं, जेवढी ताटं तेवढे पैसे. कॅम्पसच्या आत हे का जमू नये?

नवीन येणाऱ्यांसाठी: थंडीत सोलरचं पाणी साडेसहाच्या आत घ्या, आणि नळातून आधी पाइपातलं गार पाणी येतं ते वाहू द्या. पावसाळ्यात या पट्ट्यात कपडे वाळत नाहीत, जास्तीचा जोड आणा. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलामुलींनी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याचा अर्ज सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर भरावा. आणि मेसचे पैसे भरण्याआधी खाड्याचा नियम लेखी मागा. सुट्ट्यांमध्ये मेस बंद असताना काय धरणार, हेही त्यातच लिहून घ्या.

दिवाळीचे पैसे अजून मिळालेले नाहीत. पुढच्या महिन्याच्या बिलात वळते करा, असा दुसरा अर्ज वॉर्डन मॅडमकडे दिला आहे.