चेनवाले काका (दप्तर-बॅग दुरुस्ती), नौपाडा, ठाणे : पाचपैकी साडेचार स्टार

आमच्या घरी जूनमधे घेतलेलं दप्तर दिवाळीपर्यंत टिकलं तर त्याचीच लक्ष्मीपूजनात पूजा करावी लागेल अशी परिस्थिती आहे. यंदा तर गणपतीआधीच धाकट्याच्या (पाचवी) मोठ्या कप्प्याच्या चेनने आ वासला, म्हणजे रनर पुढे पळतोय आणि मागे चेन उघडीच्या उघडी. नवरा म्हणाला नवीन घेऊन टाक. बाराशेचं दप्तर आहे हो, अडीच महिन्यांचं! मेणबत्ती घासून झाली, पकडीने रनर दाबून झाला, दोन दिवस चालला आणि परत येरे माझ्या मागल्या. शेवटी सोसायटीतल्या काकूंनी या काकांचा पत्ता दिला.

गोखले रोडवरून आत गल्लीत जिन्याखाली जागा आहे, पाटी नाही, एक शिलाई मशीन आणि वर वटवाघळांसारख्या लटकलेल्या बॅगा. काकांनी चेनकडे बघितलंच नाही, दप्तर नुसतं उचललं, खाली ठेवलं आणि म्हणाले, "ताई, आधी हे रिकामं करा." भर गल्लीत. मग काय, दोन दगड ("लागतात"), तीन झाकणं नसलेली पेनं, आठवड्यापूर्वीच्या पालकसभेची सूचना, आणि डब्यातून परस्पर गायब झालेली भोपळ्याच्या घारग्याची ममी. मला वाटायचं लेकाला घारगे आवडायला लागले.

काकांकडे हुकवाला काटा आहे, त्याला हे सगळं परत भरून लटकवलं, ५ किलो ८०० ग्रॅम. २०२० च्या केंद्राच्या दप्तर धोरणात तिसरी ते पाचवीला १.७ ते २.५ किलो म्हटलंय, आणि दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांवर नको. म्हणजे हे दप्तर उचलायला माझा मुलगा ५८ किलोचा हवा, तो आहे २९. हा तिसरीत होता तेव्हा, २०२३-२४ ला, बालभारतीने पुस्तकातच कोरी पानं घातली होती, वह्यांचं ओझं कमी व्हावं म्हणून. आमच्या वर्गात पुस्तकं जाड झाली आणि वह्या पण होत्याच. २०२५-२६ पासून ती पानं गेली, दगड आले.

असो, दुकानावर येते. काका म्हणाले चेन बदलायची गरजच नाही, दात चांगले आहेत, रनर झिजलाय. ठासून भरलेल्या दप्तराची चेन जोर लावून ओढली की रनरचं तोंड आतून फाकतं, मग दोन्हीकडचे दात एकमेकांत बसतच नाहीत, आणि पावसाने गंजतो ते वेगळंच. मी तर चेनलाच शिव्या घालत होते. दहा नंबरचा रनर टाकला, पट्ट्याला चौकोनी डबल शिलाई मारली, एकूण ८० रुपये. मधल्या वेळात चिरंजीवांना तिथून जवळ गजाननचा वडापाव हवा झाला, पिवळी चटणी तीनदा मागून घेतली, त्यामुळे नक्की कशाची दुरुस्ती करायला आलोय तेच कळेना.

अर्धा स्टार कापलाय तो उशिरासाठी. लेकीच्या दप्तराची अख्खी चेन बदलायची होती, ते ठेवून घेतलं. "उद्या संध्याकाळी" म्हणजे परवा रात्री हे आधी सांगायला हवं होतं, कारण आठवीतली मुलगी दोन दिवस बाबांची लॅपटॉप बॅग घेऊन शाळेत गेली आणि बाबा ऑफिसला साडीच्या दुकानाची पिशवी घेऊन ट्रेनला लटकले. सोमवारी बंद असतं. जीपे चालतं पण स्कॅनर शेजारच्या पानवाल्याचा आहे, तेव्हा पानवाला जागेवर आहे ना ते बघून जा.

आणि हो, दप्तर द्यायच्या आधी अस्तरात पण हात घाला. लेकीचं दप्तर परत देताना काकांनी सोबत एक पुडी दिली, अस्तराच्या भोकातून आत गेलेलं सामान. चार रुपये सुट्टे, एक कानातलं, आणि गणिताच्या घटक चाचणीचा पेपर, २० पैकी ७. खाली पालकांची सही. सही हुबेहूब माझी, फक्त मी केलेली नाही. काका म्हणाले, "मी काही उघडून बघितलं नाही हां ताई." पण पेपरची घडी अगदी कडक इस्त्रीसारखी घातलेली होती.