कॅम्पबेल कटरचं मॉडेल किट : जहाज भारी, पण बॉक्सवरच्या फोटोला भुलू नका

कटर मागवलंय म्हणल्यावर आईनं पहिलं विचारलं, कडबा कुट्टीचं का? सांगलीत कटर म्हणजे तेच की. अमेरिकेत मात्र कोस्ट गार्डच्या 65 फूट किंवा त्याहून मोठ्या जहाजाला कटर म्हणतात, आणि कॅम्पबेल तर 327 फुटी होती.

विश्रामबागच्या एका दुकानातून 1800 ला घेतलं. दुकानदार म्हणाले, "घ्या हो, आपल्याच कोस्ट गार्डचं हाय." म्हणलं काका, आपलं कोस्ट गार्ड 1977 चं, ही बोट 1936 ची! हसले, पण रुपया कमी केला नाही.

आता किटबद्दल. हलचे (जहाजाच्या खालच्या सांगाड्याचे) दोन भाग नीट जुळत नाहीत, मधे फट राहते, पुट्टी भरून सँडपेपर मारत बसावं लागतं, तोफा इतक्या बारीक की दोन तर काढतानाच मोडल्या, डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायचे स्टिकर) जुने असावेत कारण पाण्यात टाकल्या टाकल्या तुकडे (एकाला भडंगाचा तेलकट हात लागला, तो दोष माझा). पण खरी चीड आली ती बॉक्सवर. वर लिहिलंय दुसरं महायुद्ध, आणि फोटोतली बोट पांढरी शुभ्र, वर तिरका लाल पट्टा. अहो तो पट्टा 1967 नंतरचा! युद्धात ही जहाजं राखाडी रंगवलेली असायची, अटलांटिकमधे पांढरं जहाज घेऊन पाणबुडीला आमंत्रण द्यायचंय का? त्यामुळं राखाडी रंग वेगळा आणावा लागला, तो खर्च धरून चला.

आणि माहितीपत्रकात इतिहास दोन ओळींचा. खरंतर पैसे वसूल होतात ते इतिहासातच. 22 फेब्रुवारी 1943 ला मालवाहू जहाजांच्या काफिल्याच्या राखणीला असताना कॅम्पबेलनं यू-606 या जर्मन पाणबुडीवर चाल केली, दोघींची टक्कर झाली, पाणबुडीच्या पात्यानं हिचंच पोट फाडलं, इंजिन रूममधे पाणी, लाईट गुल. 2019 च्या पुरात आमच्या तळमजल्यात पाणी शिरलं तेव्हा काय झालेलं आठवतं, इथं तर खाली अख्खा समुद्र. त्या अवस्थेत पण तोफा चालू होत्या, एका तोफेवर तर सगळे कृष्णवर्णीय कर्मचारी, ज्यांना एरवी जेवण वाढायच्या कामावर ठेवलेलं. पाणबुडी संपली. बरीच माणसं बुर्झा नावाच्या पोलिश विनाशिकेवर हलवली आणि बंद पडलेली कॅम्पबेल ओढत 800 मैल लांब न्यूफाउंडलंड बेटावरच्या सेंट जॉन्स बंदरात नेली. सिंदबाद नावाचा जहाजावरचा कुत्रा मात्र हलवला नाही, तो असला की बोट बुडत नाही असं पोरं मानायची.

किटमधे कुत्रा नाही. पाचातले तीन स्टार, एक त्याचाच कापलाय. पोरानं शेवटी एमसीलचा केला आणि डेकवर चिकटवला, स्केल चुकलंय, तोफेपेक्षा मोठा दिसतोय, पण काढू देत नाही.